नववी फ्लॉपी

एका संगणकावर चार माणसांनी एकाच वेळी काम करायचं, हे साजगावच्या आमच्या कारखान्यात कुणालाच पटत नव्हतं. एका ताटात चौघं जेवतात तसं, असं मी सांगायची, तर लेथवाले म्हणायचे, "मंग भांडनं व्हनारच की." ऐंशीचं दशक सरत आलं होतं. यंत्रावर युनिक्स नावाची नवी प्रणाली चढवली की ऑफिसच्या जोडीला गेट आणि स्टोअर इथेही त्याच संगणकाचे पडदे लागणार होते. साहेब मुंबईहून माणूस बोलवायला निघाले होते. मीच म्हटलं, कशाला, मी करते. भिवपुरीची मुलगी, मुंबईत सहा महिन्यांचा कोर्स केलेली. तोंड जरा जास्तच चालायचं माझं.

युनिक्स एकोणीस फ्लॉप्यांवर आलं होतं. काळ्या, चौकोनी, वाकतील अशा पातळ. प्रत्येकीला खाली एक लांबट उघडी खिडकी असते, तिच्यातून आतली चकती दिसते, आणि तिथे बोट लागता कामा नये. हे मी इतक्यांदा बजावलं होतं की आमचे शिपाई काका खोलीबाहेरूनच विचारायचे, "पोरी, चा आत आनू का भायेर पितेस?" काका तेरा वर्षं बदली कामगार म्हणूनच होते. येत्या एक तारखेला कायम होणार होते. कागद साहेबांच्या टेबलावर सहीला पडला होता. पेढे खालापुरात कुठल्या दुकानातून घ्यायचे, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी चपला दाराबाहेर काढून यंत्रापुढे बसले. पहिली फ्लॉपी घातली. यंत्राने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसू का? मी ऐटीत हो म्हटलं. कामाच्या नकला काढलेल्या होत्या, पण आता युनिक्स पूर्ण चढेपर्यंत ते यंत्र म्हणजे नुसतं खोकं होतं. आठवीपर्यंत सगळं सुरळीत गेलं. नववी घातली आणि आतून घरघर सुरू झाली. वाचता येत नाही, असं पडद्यावर उमटलं. पुन्हा घातली, पुन्हा तेच. बाहेर काढून उजेडात धरली. खिडकीत हळद होती. कुंकू होतं. चकती फिरली तसा त्याचा लाल पट्टा गोल फासला गेला होता.

मी अक्षरशः किंचाळले. निम्मा कारखाना दारात जमला, साहेब धावत आले. "कुणी केलं हे?"

"काकांनी," मी म्हटलं. एक क्षणसुद्धा लागला नाही मला. खंडेनवमीला लेथ, वेल्डिंगचं मशीन, टेंपो, सगळ्यांची पूजा काकाच करायचे. त्या वर्षी संगणकाचीही केली होती.

"मी नाय हात लावला त्यास्नी," काका म्हणाले. "मशिनीला हार घातला फकस्त, तोबी वरनं."

"मग कुंकू काय आपोआप उडालं?" बापाच्या वयाच्या माणसाला मी हे सगळ्यांदेखत म्हटलं.

साहेब क्लार्ककडे वळले. "यांचा कायमचा कागद बाजूला काढून ठेवा. सही होणार नाही." काकांनी टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घातली.

साहेबांनी माझ्या हातातली फ्लॉपी घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि मग ते माझ्याच खुर्चीत बसले. "थांबा," ते म्हणाले. "हे मी केलंय. खंडेनवमीला एक फ्लॉपी मागून घेतली आणि वहीला लावतो तसं तिला हळदकुंकू लावलं. ती खिडकी कशासाठी असते ते मला ठाऊकच नव्हतं."

साहेब चूक कबूल करतात, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मग ते माझ्याकडे वळले. "पण फ्लॉप्यांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे होती. फ्लॉपी तुम्हीच काढून दिलीत. पूजेचं ताट धरून माझ्या शेजारी तुम्हीच उभ्या होतात. मग यांचं नाव कसं घेतलंत?"

फ्लॉपी पुढे मुंबईहून दुसरी आली, युनिक्स चढलं, पडदेही लागले. त्याचं आता काही नाही. पण त्या प्रश्नाने मी जी हादरले, ती आजही हादरते. मी खोटं बोलले नव्हते. मला खरोखरच आठवलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं बोट त्या खिडकीकडे गेलं असतं, तर मी हातावर चापट मारली असती. साहेबांचं बोट तिथे टेकलं तेव्हा मी उघड्या डोळ्यांनी बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं.

साहेबांनी कागद मागवून तिथल्या तिथे सही केली. मग उत्तरासाठी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. शेवटी काकाच पुढे झाले.

"जाऊ द्या साएब," ते म्हणाले. "तिला काय बोलता? कुनालाबी आदी माजंच नाव सुचलं असतं."

हे ते रागाने बोलले असते, तर मी रडून मोकळी झाले असते. ते माझी बाजू घेत होते.