सखाबाईची हाळी

कोंढ्याच्या सखाबाईचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नसे, आणि घरात ऐकायला कोणाला वेळ नसे. ढिवराच्या घरातली बाई, जन्म जाळ्यापाशी गेलेला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सून रेवता मासळी साफ करता करता म्हणायची, "आत्या, बस करा जी आता. डोकं उठलं."

सन त्र्याऐंशीच्या फाल्गुनात भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या चंद्रकांता मॅडम मुलींना घेऊन आल्या. हिवाळ्यात तलावावर उतरलेले चक्रवाक उत्तरेला परतण्याआधी पोरींना दाखवायचे होते. "आजी, तलावाच्या बांधावरून वाट दाखवाल का?" असं त्यांनी विचारलं आणि सखाबाईला आभाळ ठेंगणं झालं. ती पुढे, पोरी मागे, आणि तिच्या वाक्यावाक्याला "मग काय झालं, आजी?" विचारत. असलं सुख तिला लग्नातही मिळालं नसेल.

बांधाच्या पाळीवर चढली आणि सवयीने तोंडाशी हात नेऊन तिने हाळी दिली, "हाऽऽ होऽऽ!" जाळं टाकण्याआधी ढिवर हेच करतात, पाखरं अडकली की जाळं फाटतं. अख्खा तलाव उठला आणि गेला.

"आजी!" मॅडम कळवळल्या. "अहो, तेच तर बघायचे होते!"

"अवो माय! मले वाटलं जाळं टाकाचं हाये."

पोरी हसून लोळल्या. मॅडम हसल्या नाहीत. "पुढच्या रविवारी येऊ. पण पुन्हा असं झालं तर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

आठवडाभर सखाबाईला घास गोड लागला नाही. रविवारी ती पदराचा बोळा तोंडात कोंबूनच घराबाहेर पडली. रेवता म्हणाली, "मॅडमले म्हना, रोज येत जा जी!"

चक्रवाक होते. कोवळ्या उन्हात नारिंगी दिसत होते. पोरी एकाच दुर्बिणीसाठी एकमेकींना चिमटे काढत होत्या, पण मुकाट्याने. तेवढ्यात बाजूच्या काठाला, बेशरमाच्या झुडपांत, सखाबाईला दोन टोप्या दिसल्या. मग बंदुकीच्या नळ्या. टोपी घातली की काही पुरुषांना आपण शूर झालो असं वाटतं.

तिने मॅडमचा हात हलवला. आपल्या दुर्बिणीला डोळे लावलेल्या मॅडम "शूऽ" म्हणाल्या.

सखाबाईने पोरींकडे पाहिलं. हाळी दिली तर त्या पुन्हा तिच्यामागे थोड्याच येणार होत्या! तरी तिने बोळा ओढून काढला.

"हाऽऽ होऽऽ!"

पाखरं उठली. मागून दोन बार झाले, काठाजवळच्या रिकाम्या पाण्यावर.

मॅडमची दुर्बीण खाली आली. चेहरा लालबुंद.

"पाहा आता दुसरी बाई," सखाबाई म्हणाली. "पन मी काय करू? थे पाहा, बंदुका घेऊन बसून राह्यले ना!"

मॅडमनी झुडपांकडे पाहिलं. टोपीवाले पुन्हा काडतुसं भरत होते. मॅडमनी तलावाच्या मध्याकडे बोट केलं.

"आजी, तिकडे एक पाखरू राहिलंय. जोरात!"