भट्टीवाले मामांचा पाचवा नमुना

भट्टीवाले मामा रक्त द्यायला आले की मी आधी त्यांच्या मिशीकडे बघायचो. तिच्यावर दुधाचा फेस हमखास असायचा. "रात्रीपासून उपाशी राहा," असं मी बजावून सांगायचो आणि ते वाटेत दूधविक्रीच्या कट्ट्यावर थांबून, समोर म्हैस पिळताना पेल्यात धरलेलं दूध पिऊन यायचे. वर ठणकावून सांगायचे, "उपाशी हाय की!"

"आणि हे दूध?"

"दूध म्हंजे काय जेवान हाय व्हय? उपासाला चालतंय, आन् तुमच्या सुईला चालंना?"

मी त्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलवायचो. शिव्या घालत का होईना, ते यायचे.

कोल्हापुरातल्या एका यकृताच्या दवाखान्यात मी रक्त काढायचं काम करतो. तिथे ब प्रकारच्या काविळीच्या जुन्या रुग्णांचा अभ्यास चालू होता. शरीर अन्न पचवतं, वापरतं, तेव्हा रक्तात असंख्य बारीक पदार्थ उतरतात. यकृतात कर्करोग मूळ धरू लागला की त्यांचं प्रमाण बदलतं. सोनोग्राफीत गाठ दिसण्याआधीच ते ओळखता येईल का, हे डॉक्टर शोधत होते. दर सहा महिन्यांनी नमुना घ्यायचा. काही खाल्ल्यावर घेतलेला नमुना फसवतो, म्हणून तो बाजूला ठेवत. उपाशी माणसाच्या रक्तात काही खटकलं, तर डॉक्टर त्याला लगेच स्कॅनला बोलावत. फॉर्मवर 'उपाशी' की 'उपाशी नाही' असा एक रकाना होता. तो मी भरायचो.

मामा शिरोली एमआयडीसीत लोखंड वितळवायच्या भट्टीवर होते. आपला आजार त्यांनी तिथे कुणालाच कळू दिला नव्हता. "साखर तपासाय जातो म्हणून सांगतोय. कावीळ म्हटलं की पाण्याचा गलास येगळा ठेवत्यात, पावणं." सोनोग्राफीसाठी रजा मागायची तर कारण सांगावं लागेल, म्हणून तीही टाळायचे. दोन वर्षांच्या ओळखीनंतरही मी त्यांचा 'पावणं'च होतो. एकदा दंडाला पट्टा बांधताना हळूच म्हणाले, "घरात सांगितलं तर रडत्यात, कारखान्यात सांगितलं तर काढत्यात. बाहेर पडायला दारच न्हाय बगा." मग स्वतःच हसले.

पाचव्या खेपेला त्या फेरीचा शेवटचा दिवस होता. बाहेर रांग होती, नमुने न्यायला आलेली गाडी दारात थांबली होती. मामा येऊन बसले. मी मान वर केली नाही. परत बोलवायला दुसरा दिवस नव्हता आणि उत्तर मला ठाऊकच होतं. न विचारताच 'उपाशी नाही'वर फुली मारली. मामा नेहमीसारखे भांडले नाहीत, त्यांनी नुसता हात पुढे केला. त्याचंही मला काही वाटलं नाही. नमुना बाजूला पडला.

चार महिन्यांनी त्यांची मुलगी सुनीता त्यांना घेऊन आली. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. गाठ फार मोठी झाली होती. डॉक्टरांनी बर्फातला तो नमुना काढून तपासून घेतला. बदल ठळक होता. "पण दूध प्यायलेल्या माणसाचा आहे," ते म्हणाले, "काहीच सांगता येत नाही."

संध्याकाळी मी मामांच्या खाटेपाशी बसलो. थट्टेनं म्हणालो, "मामा, गेल्या खेपेला तेवढं दूध सोडलं असतं तर?"

"त्या खेपंला कुठं प्यालतो? महिनाभर वासबी सोसंना झालता. तुमी इचारलंच न्हाय की!"

त्या 'की'त राग नव्हता. ते हसत होते. त्या फुलीचा अर्थ त्यांना माहीत नव्हता आणि मी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मी सगळं कबूल केलं. त्यांनी नोंद दुरुस्त केली. "तेव्हाच स्कॅन केला असता तर कदाचित काही करता आलं असतं," म्हणाले, "कदाचित. घरच्यांना मात्र तुम्हीच सांगायचं." दोन महिन्यांत मामा गेले. मी तिरडीला खांदाही दिला, पण तोंड उघडलं नाही.

सुनीतालाही तीच कावीळ निघाली. ती आता दर सहा महिन्यांनी येते आणि माझ्याचकडून रक्त काढून घेते. "बाबा सांगून गेल्यात, त्याच माणसाकडं जा, त्यो लई काळजीनं करतोय," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात सुई काढून मी तिच्या हातावर कापूस दाबला आणि म्हणालो, "तुझ्या बाबांचं एक सांगायचंय."

"सांगा की काका." ती खुर्चीत नीट सावरून बसली.

मी कापूस उचलून बघितला; रक्त थांबलं होतं, तरी तो पुन्हा दाबून धरला.

"फार चांगला माणूस होता," मी म्हणालो.

"त्ये काय मला म्हाईत न्हाय व्हय?" सुनीता हसली. माझा हात बाजूला करून तिनं कापूस स्वतः धरला आणि बस चुकेल म्हणून लगबगीनं निघून गेली.