हार्ड डिस्कचा बांध

आमच्या घरात शेताची वाटणी व्हायच्या आधी हार्ड डिस्कची झाली.

जळगावात आम्ही तिघं भावंडं एका कॉम्प्युटरवर नांदत होतो. थोरला भाऊ त्यावर छापखान्यासाठी लग्नपत्रिका टाइप करायचा, धाकटी सुनंदा पत्त्यांचा डाव मांडायची आणि मला त्यात विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकायची होती. कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट परीक्षकांसमोर लिनक्सवर चालवून दाखवायचा होता; नाही चालला तर वर्ष बुडालं.

मी कागदावर डिस्कचे वाटे पाडले. एक भलामोठा, लिनक्सचा (म्हणजे माझा). दोन बेताचे, त्या दोघांना. शिवाय चिमुकला 'स्वॅप', मेमरी भरली की कॉम्प्युटरला सामान टेकवायला. भाऊ कुरकुरला. तेवढ्यात साक्रीकडच्या आमच्या गावाहून वडील, म्हणजे आबा आले. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, वाटणी कळत होती.

"वाटा कोनी पाडात?"

"मी."

"मंग तू बठ्ठासना मांगे उचलजो. आपली रीत शे."

गावाकडे वाटे पाडणारा शेवटी उचलतो आणि पहिला मान धाकट्याचा. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. मी ती आधीच करून बसलो होतो!

सुनंदाने भलामोठा उचलला. भाऊने उरलेल्या दोहोंतला बरा घेतला. मला राहिला तो बारका आणि वर स्वॅप. त्यात काही ठेवता येत नाही, हे मी आबांना परोपरीने सांगितलं. ते म्हणाले, मग पाडलास कशाला? शिवाय तुला दोन आले, गप्प बैस.

लिनक्स माझ्या वाट्यात मावेना. अर्ध्यावर येऊन जागा संपल्याचं सांगे. शेवटी घरात कुणी नाही बघून मी आमच्या वाट्यांमधला बांध थोडा भाऊच्या बाजूला सरकवला. थोडाच. त्यानंतर भाऊचा अख्खा वाटा उघडेना. त्यात यावलच्या एका लग्नाची पत्रिका छपाईला तयार होऊन बसली होती.

आबांनी शांतपणे निकाल दिला. बांध कोरणाऱ्याने भरून द्यायचं. यजमानांच्या तमाम मामा-आत्यांसकट ती पत्रिका मी पुन्हा टाइप केली. भाऊ मागे उभा राहून वेलांट्या तपासत होता. मला रडू यायचं बाकी होतं.

सुनंदाला दया आली. तिने आपला वाटा परीक्षेपुरता वापरायला दिला, पण लिनक्समध्ये नाव तिचंच राहील या अटीवर. कॉम्प्युटर कॉलेजात उचलून नेला आणि प्रोजेक्ट झकास चालला. परीक्षकांनी स्क्रीनवरचं 'sunanda' वाचलं, माझ्या मिशांकडे पाहिलं आणि पास केलं.

पुढे गावी शेताची वाटणी निघाली. आबांनी वाटे पाडायला मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाले, याला अनुभव आहे. शेवटी उचलायचाही.