शहागडच्या वर, इंजिन बंद

आमच्या घरी विमान बनलं असं सांगितलं की लोक आधी हसतात. लग्नाआधी मीही हसलेच असते. पण नव्वदच्या दशकात, अंबडजवळच्या आमच्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या नवऱ्यानं खरोखर दोन माणसांचं विमान बांधलं. पुढं एक बैठक, मागं एक, वर छप्पर नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, जुन्या मोटारीचं इंजिन आणि नाकावरचा पंखा सागवानाचा, त्यांनी स्वतः तासलेला. लग्नाआधी ते हैदराबादला एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. तिथंच उडवायलाही शिकले. गावी येऊन पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला लागले, तरी ते वेड काही डोक्यातून उतरलं नाही.

पंखांवरचं कापड मी शिवलं. पांढरं जाड टेरिलीन, मशीनखालून सरकवता सरकवता खांदे भरून यायचे. शेजारच्या बायका विचारायच्या, "मांडव शिवून राह्यली का काय गं?" मी हो म्हणायची. खरं सांगितलं असतं तर अजून दहा जणी बघायला आल्या असत्या.

पाच-सहा वेळा ते एकटेच उडून आले. एका जानेवारीच्या सकाळी, मी भाकरी थापून हात धूत होते तर ते दारात उभे. म्हणाले, "चल, आज तू बस."

"साडीवर?"

"मंग? पदर खोच अन् बराबर बस."

माळावर धावताना इतके हादरे बसले की माझे दात एकमेकांवर वाजत होते. मग एकदम हादरे थांबले. मला वाटलं, आपण उभे राहिलो. खाली पाहिलं तर आमचं शेड काडेपेटीएवढं झालेलं.

वर गार होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कानांकडं पळत होतं. मोसंबीच्या बागा मला मशीनवर घातलेल्या टिपांसारख्या दिसल्या, सरळ, एकीला लागून एक. कालवा चकाकत आमच्याबरोबर चालला होता. ज्वारीच्या रानातून आमची सावली जात होती, तिच्याकडं बघता बघता मला गुंगीच आली. इंजिनाच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. ते मधूनच मागं वळून हसायचे. शहागडचा पूल दिसला, हमरस्त्यावरचे ट्रक मुंग्यांसारखे सरकत होते आणि वाळूतून बारीकशी गोदावरी.

तेवढ्यात आवाज थांबला.

इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. नाकावरचा पंखा आडवा होऊन थांबला. त्यांच्या पाठीकडं मी बघतच राहिले. मग ते न वळता म्हणाले, "मीच बंद केलंय. तुला शांतता ऐकवायची व्हती. भेव वाटून राह्यलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. आणि खरंच वाटत नव्हतं.

अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पंख ताणून धरणाऱ्या तारांमधून वारा शीळ घालत होता. खालून कुत्र्याचं भुंकणं आलं, अगदी स्पष्ट. कुठंतरी कुणी बाई कुणाला तरी हाका मारत होती. हळदीकुंकवाला घातलेल्या बांगड्या अजून हातात होत्या, त्या किणकिणल्या. जमीन अगदी सावकाश वर येत होती, झोपेतल्यासारखी. हे संपूच नये असं मला वाटत होतं.

"त्या रस्त्याकडच्या धाब्याचा धूर कुणीकडं चाल्लाय, सांग बरं," ते म्हणाले.

"नदीकडं."

"बराबर. मंग आपून वाऱ्याला तोंड देऊन, नदी पाठीशी घालून उतरू."

मला तो खेळ वाटला. आम्ही एक गोल वळण घेतलं. समोर पडीक रान होतं, आणि रानात मेंढरं. ती हाका मारणारी बाई म्हणजे एक म्हातारी धनगरीण होती. तिनं वर बघितलं, काठी उगारली आणि असं काही ओरडली की मेंढरं दोन्ही बाजूंना फाकली. मधल्या वाटेत आम्ही उतरलो. एकदा आपटलो, उडालो, पुन्हा आपटलो, आणि ढेकळांत अडखळत थांबलो.

म्हातारी जवळ आली. विमानाकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाली, "कुठून आलीस, माय?"

"अंबडहून."

"मंग, यष्टी न्हाई भेटली?"

मी हसत सुटले. हसता हसता त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना बैठकीचा पट्टा सोडता येत नव्हता. मी वाकून पट्टा सोडला. तेव्हा ते हळूच म्हणाले, "मी न्हवतं बंद केलं. बंद पडलं व्हतं."

मेंढरांच्या मधोमध मी खाली बसले. म्हातारीनं लोट्यातून पाणी दिलं, मग त्यांनाही दिलं.

दुपारी पंख उतरवून विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. पंखांना टेकून मी बसले, ते समोर. पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता, एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. पाचव्या दिवशी ताट वाढताना मी म्हणाले, "पुन्हा माझ्याशी असं खोटं बोलू नका. मरायचं असंल तर मला माहीत असायला पाहिजे."

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तू धूर बघितला असता का?"

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

ते आणखी काही वेळा एकटे उडाले. मग एक सरकारी साहेब येऊन नीट समजावून गेले की परवानगीशिवाय हे चालत नाही. माझ्या नवऱ्यानं वाद घातला नाही, दोन दिवसांत सगळं सुटं केलं. सागवानी पंखा आता बैठकीत भिंतीवर आहे. पाहुणे त्याला शोभेची वस्तू समजतात.

आता आम्ही दोघं म्हातारे झालो. ओसरीवर चहा घेताना ते मधूनच विचारतात, "राग गेला का गं?"

मी म्हणते, "अर्धा."