मुशीच्या तेलाची जीप

बोईसरच्या कारखान्यांची हवा आणि तारापूरच्या समुद्राची हवा जिथे एकत्र येते, तिथे लोखंडाला दीर्घायुष्य नसते. आमच्या खिडकीचे गज मी आजवर तीनदा बदलले. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असणारी ती जुनी जीप मात्र, माझ्या थोरल्या मुलाहून वयाने वडील असूनही, निष्कलंक होती. मातकट हिरवा रंग, पुढे आडवी पाडता येणारी काच, ताडपत्रीचे छत आणि बॉनेटला आवळून धरणाऱ्या दोन कड्या. तिच्याकडे पाहिले की मला नित्यनेमाने स्नानसंध्या करणाऱ्या एखाद्या सत्पुरुषाची आठवण होई.

तिचे मालक वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे गृहस्थ. सारी आळी त्यांना फोरमन म्हणे, मीही म्हणे. तरुणपणी सरकारी लिलावात त्यांनी ही जीप घेतली होती. मी शाळेत संस्कृत शिकवले आणि चार घरची पूजाअर्चाही केली, म्हणून ते मला गुरुजी म्हणत. दर दसऱ्याला त्या जीपची पूजा माझ्याकडे असे, आणि दर दसऱ्याला मी उपरण्याचे टोक नाकाशी धरूनच मंत्र म्हणत असे. कारण जीपच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत मुशीचे तेल चोपडलेले असे. मुशी म्हणजे शार्क जातीचा मासा. त्याचे तेल इकडचे मच्छीमार आपल्या होड्यांना लावतात. केळव्याच्या किनाऱ्यावर एका वृद्ध नाखव्याने फोरमनना ती विद्या दिली. "लाकूड राखतं, तं लोखंड नाय राखनार?" एवढेच तो म्हणाला, आणि फोरमननी ते गुरूपदेशासारखे धरले.

सुटीच्या दिवशी केळव्याला येणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या रेतीत रुतत. फोरमन जीप घेऊन जात आणि दोर लावून त्या ओढून काढत. परतल्यावर आधी विहिरीचे गोडे पाणी चाकांच्या आतून, स्प्रिंगच्या पाट्यांमधून, कानाकोपऱ्यांतून वाहवायचे. मग दिवसभर सुकू द्यायचे. मग गोणपाटावर पाठ टेकून चिंधीने तेल लावायचे. अंगात ताप असतानाही हा क्रम त्यांनी मोडलेला मी पाहिला नाही.

एकदा त्यांनी मलाही आग्रहाने गाडीखाली घेतले. पाठशाळेत मी रथाचे अवयव मुखोद्गत केले होते: अक्ष, नाभी, अर, नेमी. शब्द आयुष्यभर शिकवले. वस्तू कधी निरखून पाहिली नव्हती. साठी उलटल्यावर, आडवा पडून, मी प्रथम अक्ष पाहिला. दोन चाकांना जोडणारा, तेलाने तकतकणारा, काळ्या शिसवीसारखा तो दांडा पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. एका भाद्रपदात, आत डोंगराकडच्या पाड्यावर गणपतीची प्राणप्रतिष्ठा करायला मी निघालो तेव्हा वाट चिखलात बुडाली होती. फोरमननी गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला, चारही चाकांत बळ आले, आणि ती जीप गजगतीने चढून मुहूर्ताआधी दारात उभी राहिली.

गेल्या वर्षी फोरमनचे गुडघे क्लच दाबेनासे झाले. मुलाने त्यांना गावी बोलावले. वैशाख संपण्याआधी भाड्याचे घर आणि शेड दोन्ही सोडायची होती. गावी जीपला छप्पर नव्हते आणि चालवणाराही नव्हता. जतन करणारा हात तोवर न मिळाला, तर एकाच पावसाळ्यात तिची चाळण होणार, हे आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसत होते.

जाहिरातीचा मजकूर मी लिहून दिला. 'व्रतस्थ वृत्तीने सांभाळलेली, सुलक्षणी' अशी माझी सुरुवात होती. फोरमन चष्मा वर करून म्हणाले, "गुरुजी, जीप विकायचीय. स्थळ नाही बघायचंय हिला."

तरीही तो मजकूर वाचून मुंबईहून एक सज्जन पाहायला येतो म्हणाले. ते येण्याच्या सकाळी माझ्या हातून एक प्रमाद घडला. मत्स्यगंधाने ग्राहक विटेल अशा भयाने, फोरमनना न विचारता, मी जीपमध्ये धूप घातला आणि सढळ हाताने कापूर जाळला. ते सज्जन आत बसले, त्यांनी हुंगले, आणि समोरच्या पत्र्यावरच्या काजळीवर बोट फिरवले.

"काका, वायरिंग जळलंय का हिचं?"

मी सत्य सांगितले. ते हसले. "पूजा? नेमकी आजच?" चहासुद्धा न घेता ते निघून गेले.

फोरमन बराच वेळ बॉनेट पुसत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं हिला ठिणगी लागू दिली नाही मी. तुम्ही एका सकाळी आग लावलीत." ते हसत होते, पण माझी मान वर होईना. जे तिचे कवच होते, ते मी दोष समजून झाकायला गेलो होतो.

घर सोडायला आठवडा उरला असताना एडवणची एक मच्छीमार बाई आली. सोबत तिचा भाऊ होता. सुक्या मासळीच्या पाट्या किनाऱ्यावरून बाजाराला न्यायच्या, आणि टेम्पो रेतीत रुततो, म्हणून तिला जीप हवी होती. भाऊ इंजिनकडे वळला. तिने आत डोकावून हुंगले, मग सरळ खाली वाकून तळावर बोट घासले आणि नाकाशी नेले.

"हा कापूर कोनी जाळला?"

"मी," मी म्हणालो.

"अन् मुशीचं तेल?"

मी फोरमनकडे हात केला.

"मंग भटजी, तुमी गप बसा. मला ह्यांच्याशी बोलू द्या."

फोरमननी तिला किमतीचे काहीच विचारले नाही. ते म्हणाले, "ताई, रेतीतून आली की दर वेळी गोड्या पाण्यानं धुवावी लागेल. एक दिवस चुकून चालणार नाही."

"दादा, खाऱ्या पान्यानं काय होतं ते आमाला सांगू नका. होडीचं इंजिन आमी कदी खारं ठेवलं नाय."

"आणि पावसाळ्यात?"

"होडी वर वडली की आमी तिला शाकारतो. बाजूलाच हिला शाकारीन. वरती झावळ्या, त्यावर ताडपत्री. तशीच नारळी पुनवेपातूर."

"तेल?"

"तेल आमच्या घरचं हाय. तुमी तं इकत आनत व्हते ना?" ती खळखळून हसली. "फशिवला असंल तुमाला आमच्याच लोकांनी."

फोरमनही हसले, मग आत जाऊन तेलाचा डबा आणि ती जुनी चिंधी घेऊन आले. किल्लीआधी त्यांनी चिंधी तिच्या हाती दिली. पुढची बोलणी व्यवहाराची होती. मी तुळशीपाशी जाऊन बसलो.

दसऱ्याच्या सकाळी साताऱ्याकडून फोरमनचा फोन आला. "गुरुजी, तेवढं बघून या." मी एडवणला गेलो. मासळी वाळत घातलेल्या बांबूंशेजारी जीप उभी होती, धुतलेली, दोन्ही कड्या घट्ट.

"या भटजी," ती बाई म्हणाली. "कापूर आनलाय का? आनला असंल तं लांब ठेवा. आग लागंल."

मी हळदकुंकू वाहिले, झेंडू वाहिला, नारळ वाढवला. तेवढ्यात फोरमनचा फोन पुन्हा आला. मग मी रेतीवर उपरणे अंथरले आणि जीपखाली शिरलो. अक्ष डोक्यावर होता. बोट लावले, ते तेलाने माखले.

"काय दिसतंय?" फोरमननी विचारले.

"गंज कुठेच नाही."

"वास येतोय?"

"भरपूर."

पलीकडून आवाज आला, "नाकाला उपरणं धरलंय ना?"

"नाही," मी म्हणालो. "उपरणं पाठीखाली आहे."