सोमाजीच्या नावाचं पान

मंडळी, या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि वाचून झाले की हमखास हसतो. आमच्या मळ्यातल्या चिंचेवर बाई बसते असं अख्खी आळी सांगायची. मी त्याच चिंचेखाली दुपारची पथारी टाकून घोरत असे. भूत दिसलं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो — बाबा, जेवला काय होतास? तेव्हा आज मीच कागद पुढे ओढून बसलोय याचं घरच्यांना जेवढं नवल वाटतंय तेवढंच मलाही वाटतंय. नावं बदलली आहेत. बाकी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत लढाई लागली आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली, त्या वर्षांतली. मी तेव्हा तिशीच्या आतला. अमरावतीच्या वेशीबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा. पण त्या दिवसांत ज्याला त्याला कापसाचं वेड लागलेलं. लोकांनी वांगी उपटली, मिरच्या उपटल्या, पेरूची झाडं तोडली आणि कपाशी लावली. मीही काही मोठा शहाणा नव्हतो. झेंडूच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या, त्याही बायको भांडली म्हणून. गिरजा म्हणाली, "दसऱ्याले देवाले काय कापूस वाहता?"

सोमाजी माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचा मळा आमच्याला लागून, विहीर दोघांत एक. सकाळी त्याची मोट, दुपारी माझी. त्याची बायको वारली आणि त्याचं मळ्यात मन लागेना. अकोल्यात कापसाच्या कंपन्या आल्या होत्या, तिथे काट्यावर मापारी म्हणून तो निघून गेला. मला ते फार लागलं. जाऊ नको असं मी तोंडाने म्हणालो नाही, तो माझा स्वभाव नाही. मी फक्त बोलणं टाकलं. आदल्या दसऱ्याला येतो म्हणाला आणि आला नाही. या खेपेला मात्र करीमभाई गाडीवानाबरोबर त्याने मुद्दाम निरोप धाडला — "दसऱ्याचं जेवण बापूच्याच घरी. नाई आलो तर सोमाजी नावाचा कुत्रा पाळ."

कुत्रा आमच्याकडे होताच. भुऱ्या. आणि या भुऱ्याचं सोमाजीशी हाडवैर. पिल्लू असताना सोमाजीचा पाय त्याच्या शेपटीवर पडला होता, ते त्याने कधी माफ केलं नाही. सोमाजी फाटकात दिसला की हा गुरगुरायचा. सोमाजी म्हणायचा, "याच्यापेक्षा सावत्र भाऊ बरा."

दसऱ्याच्या सकाळी गिरजाने घरात जे म्हणून होतं त्या सगळ्याला माळा घातल्या. कुदळ, विळे, मोट, कपिला गाय, राघूचा पिंजरा. मनी मांजरीने तिची माळ घटकाभरात फाडून टाकली. भुऱ्याची पाळी आली तेव्हा दोरा संपला होता. तिने माझ्या जुन्या पागोट्याचा तांबडा काठ फाडला, त्यात झेंडू ओवले, मध्ये कपाशीची चार पिवळी फुलं खोचली आणि त्याच्या गळ्यात गाठ मारली. भुऱ्या नवरदेवासारखा ओसरीत बसून राहिला.

जेवायला करीमभाई आणि शेजारचे पांडूतात्या. पुरणपोळ्या झाल्या, कढी झाली, भजी झाली. पाच पानं मांडली — त्यातलं एक सोमाजीचं. आणि आम्ही वाट बघत बसलो. सूर्य डोक्यावर आला. मग कलला. पोटात कावळे ओरडत होते, पण पाहुण्याआधी हात कसा घालायचा?

पांडूतात्यांना गंमत सुचली. "बापू, तुया दोस्त आता अकोल्याचा सायेब झाला. तो कायले येते मळ्यातलं पुरण खायले?"

करीमभाई म्हणाले, "येईल हो. मले सोताच्या तोंडानं सांगितलं त्यानं."

"गेल्या सालीही तोंडानंच सांगतलं होतं," तात्या म्हणाले.

माझं डोकं फिरलं. भुकेने आणि रागाने माणूस काय करील याचा नेम नाही. मी उठलो, सोमाजीचं वाढलेलं पान उचललं आणि भुऱ्यापुढे नेऊन ठेवलं. म्हणालो, "घे. सोमाजीच्या नावाचं हाये. आमच्यासाठी मेला तो!"

गिरजाच्या हातातली पळी खाली पडली. "आवो, हे काय करून राह्यले? जित्या माणसाच्या नावाचं पान कुत्र्याले? पितरं जेवून गेले त्याले दहा दिस झाले फक्त!"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पितृपक्षात मेलेल्या माणसाच्या नावाचं पान वाढतात आणि ते गायीला, कावळ्याला, कुत्र्याला देतात. जिवंत माणसाच्या नावाचं कोणी देत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच दिलं.

भुऱ्याने पान चाटूनपुसून साफ केलं. मग ओसरीच्या मधोमध आडवा झाला आणि झोपला. आम्ही जेवायला बसलो, पण कुणाच्या तोंडाला चव नव्हती. गिरजा तर जेवलीच नाही.

झोप म्हटलं खरं, पण ती झोप वेगळी होती. हे लक्षात आलं ते मनीमुळे. मनी एरवी भुऱ्याच्या पोटाला टेकून झोपायची. ती आली, त्याला हुंगलं आणि शेपूट फुगवून थेट माळ्यावर पळाली. करीमभाईंनी भुऱ्याला हाक मारली. शेपूट ओढलं. मी तोंडावर पाणी मारलं. काही नाही. पोटाला हात लावला तर गार. श्वास चालू होता, पण इतक्या वेळाने की दोन श्वासांच्या मध्ये आम्ही तिघंही आपला श्वास धरून बसत होतो. राघू दिवसभर बडबडणारा, तोही गप्प.

तात्या पुटपुटले, "सणाच्या दिवशी घरात जनावर मरणं बरं नाई."

"जनावराचं मले भेव नाई तात्या," गिरजा म्हणाली. तिची नजर भुऱ्याने चाटलेल्या सोमाजीच्या पानावर होती.

मी स्वतःला हज्जारदा बजावलं — पुरण जास्त झालंय, कुत्रं सुस्तावलंय. पण मी त्याच्याजवळून हललो नाही. सोनं लुटायला गेलो नाही. माणसं दारात येऊन आपट्याची पानं हातात देत होती आणि मी बसल्या जागी घेत होतो. डोळे भुऱ्यावर. हे मी पुन्हा लिहितो, कारण सगळं यावरच आहे — दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो माझ्या डोळ्यांसमोरून एक क्षण हलला नाही. साक्षीला आम्ही चौघं होतो.

गिरजाने दिवा लावला आणि भुऱ्या उठला. उठला तो सरळ रांजणाजवळच्या डोणीशी गेला आणि असं पाणी प्यायला की संपेचना. परत आला तेव्हा लंगडत होता. करीमभाईच आधी म्हणाले, "बापूभाई, याची माळ कुठं गेली?"

माळ नव्हती. ओसरीत नव्हती, अंगणात नव्हती. एक पाकळीसुद्धा पडलेली नव्हती. मी माळ्यावर चढून मनीचा कोपरा पाहिला. कपिलेच्या गव्हाणीत हात घालून पाहिला. नाहीच.

त्या रात्री कोणाला झोप लागली नाही, ते सोडा. झुंजुमुंजू होताच मी करीमभाईंच्या दमणीत बसून अकोल्याला निघालो. तीस कोसांची वाट. बैल चांगले होते, तरी दोन दिवस लागले. रस्त्याने रेल्वेच्या कामाचे मातीचे ढीग, मजुरांच्या झोपड्या. मूर्तिजापुराच्या अलीकडे समोरून येणारा एक गाडीवान भेटला. म्हणाला, "अकोल्यात पटकीची साथ लागली हाये. जाऊ नका." करीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हाका." मनात एकच होतं. पटकीने माणूस मेला तर पटकीने मेला म्हणतील, पण पान मी काढलं होतं.

सोमाजीची खोली एका म्हातारीच्या घरामागे होती. आम्ही पोचलो तेव्हा दाराची फळी मोडून एका बाजूला टेकवलेली. मला वाटलं, झालं... तेवढ्यात आतून आवाज आला — बारीक, पण त्याचाच. "कोण हाये? बापू का?"

खाटेवर हाडं उरली होती. म्हातारी त्याला तांदळाची पेज भरवत होती. मी त्याच्या पायाशी बसलो आणि लाज सोडून रडलो. रडून झाल्यावर वर पाहिलं तर खुंटीला माळ लटकत होती. झेंडू सुकलेले, कपाशीची फुलं लाल पडलेली, आणि ओवायला माझ्या पागोट्याचा तांबडा काठ.

सोमाजी थांबत थांबत सांगत होता. दसऱ्याच्या दोन दिवस आधी निघणार होता. सगळ्यांना सांगून झालं होतं, मी अमरावतीले चाललो. रात्री पोट बिघडलं. सकाळी उठवेना. दाराला आतून कडी. आणि सगळ्या आळीला वाटत होतं, हा गेला गावाला. म्हणून कोणी चौकशीलाही आलं नाही.

"हाक मारायले आवाज नव्हता राह्यला," तो म्हणाला. "दसऱ्याच्या दुपारी डोळे उघडले तं भुऱ्या. समोर बसून. मीनं म्हटलं, लेका, मरायच्या येळीही गुरगुरतं का मायावर? तं गुरगुरला नाई. माया उरावर पाय ठेवले न् तोंड वर करून भुकाले लागला. भुकून भुकून त्याचा घसा बसला, बापू. अन् एक सांगू? मायी जीभ दोन दिसांची कोरडी, पण तोंडाले पुरणाची चव लागून राह्यली होती."

करीमभाईंनी तोंड फिरवलं.

मी म्हातारीला बाहेर नेऊन खोदून खोदून विचारलं. ती वैतागली. "आता कितीक बार सांगू बावा? दुपारपासून कुत्रं भुके घरात. मीनं म्हटलं, हा तं गावाले गेला, मंग कुत्रं कोण कोंडलं? दिवे लागले तरी भुकेच. म्हणून दोन मानसं बलावून दार तोडलं. हा पडेल होता, अंगावर माळ. कांद्याचा रस पाजला, रातभर बसलो."

"आणि कुत्रं?"

"कुत्रं नव्हतं."

"निसटलं असेल पायांतून..."

"तीन मानसं दारात उभे होतो. डोळे हायेत मले."

मी डोकं लढवायचं सोडलं नाही. कुणाचं भलतंच कुत्रं असेल. पण कडी आतून, आणि खोलीला खिडकी म्हणाल तर माझी मूठ जाईल एवढी. माळ तशीच दुसरी कुणी केली असेल. घरी येऊन मी पागोट्याच्या फाटक्या कडेला तो काठ लावून पाहिला, सुताला सूत जुळलं. गिरजाचं म्हणणं सरळ — "त्याच्या नावाचं खाल्लं, म्हणून त्याच्याकडे गेला. खाल्ल्या अन्नाले जागला." मला हे पटत नाही. पण याहून बरं मला काही सुचलेलंही नाही.

दिवाळीला सोमाजी आला, तो अकोल्याचं काम सोडूनच. आल्या आल्या भुऱ्याच्या गळ्यात पडायला गेला, आणि भुऱ्या दात दाखवून असा गुरगुरला की सोमाजी तुळशीवर आपटला. आम्ही पोट धरून हसलो. त्या कुत्र्याने मरेपर्यंत त्याला जवळ येऊ दिलं नाही.

सोमाजीने पुन्हा लग्न केलं, मुलं झाली, आणि पुढली सारी वर्षं आम्ही एका विहिरीवर काढली. दर दसऱ्याला तो चारचौघांत ही गोष्ट सांगायचा, आणि सांगताना माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "यानं धाडला. याचा जीव होता मायावर, म्हणून कुत्र्यातून धावून आला." गिरजा आत निघून जायची. तात्या आणि करीमभाईंनीही त्या पानाची गोष्ट कधी काढली नाही. मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

सोमाजी गेल्या उन्हाळ्यात गेला. आदल्या दिवशी सकाळी मी त्याच्या खाटेशी बसलो होतो. शुद्ध चांगली होती. मला म्हणाला, "बापू, एकडाव तुया तोंडून आयकू दे. तुनंच धाडला होता ना त्याले?"

गिरजा दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हो. मीनंच."

त्याने माझा हात दाबला आणि डोळे मिटले.

तर मंडळी, ज्याने भुऱ्याला धाडलं तो मी नव्हतो. मी तर सोमाजीला त्या दुपारी मारून मोकळा झालो होतो. कोणी धाडला, कसा धाडला, हे तुमच्यापैकी कुणाला उमगलं तर मला जरूर लिहा. मी अजूनही विश्वास ठेवीनच असं नाही, पण वाचीन. फक्त सोमाजीच्या मुलांना कोणी ओळखत असाल, तर त्यांना यातलं काही सांगू नका.