क्वार्टरबॅकवरून काकांशी वाद

लंडनच्या एजवेअर भागातल्या ज्या घरात मी वरच्या खोलीत राहते, तिथे रविवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉल लागतो. मी सप्टेंबरात आले तेव्हा हा खेळ मी कधी पाहिलाही नव्हता. नाव फुटबॉल, आणि पाय फारसा कोणी लावत नाही, एवढंच पहिल्या दिवशी कळलं.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर काम करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी कोल्हापूरला स्टॅटिस्टिक्स घेऊन पदवी केली आणि पुढच्या शिक्षणासाठी लंडनला आले. माझ्या कॉलेजच्या बाई आणि या घरातल्या काकू शाळेत एका वर्गात होत्या, त्या ओळखीवर ही खोली मिळाली. काका निवृत्त डॉक्टर. भूलतज्ज्ञ. तरुणपणी ते बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात होते. तिथल्या डॉक्टरांच्या खोलीतल्या टीव्हीवर त्यांना या खेळाची गोडी लागली आणि मग ती सुटली नाही. काकूंना त्याचा राग होता. "चांगलं क्रिकेट सोडून हे मेलं काय धरून बसलेत," असं त्या दर रविवारी म्हणायच्या आणि दर रविवारी मॅचसाठी भडंगही करायच्या.

रविवारी त्यांची नात यायची. सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली, मराठी धडाधड बोलणारी, पण त्यात लिंग-वचनं चुकवणारी. मुलींच्या टीममध्ये ती स्वतः हाच खेळ खेळते, त्यातला सौम्य प्रकार, ज्यात कोणी कोणाला पाडत नाही. आणि खेळते क्वार्टरबॅक म्हणून. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात आधी चेंडू येतो तो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी असतात. पलीकडचे लोक ती भिंत फोडून अंगावर येईपर्यंत त्याने बघायचं, ठरवायचं आणि चेंडू फेकायचा. हे मला त्या दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना दुरुस्त करत समजावलं होतं.

वाद एकच असायचा. आजवरचा सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक कोण? काकांचा जुन्या काळातला, त्यांनी बर्मिंगहॅमला पाहिलेला. नातीचा अलीकडचा.

"आजोबा, तुमची क्वार्टरबॅक ब्लॅक अँड व्हाइटमध्ये खेळायचा!"

"रंगीत होता गं टीव्ही! एवढाही म्हातारा नाही मी."

"माझ्यावाल्याने किती जास्त चॅम्पियनशिप जिंकले! गेम ओव्हर."

"कपच मोजायचे असतील तर कपाटाला ग्रेट म्हण."

"आकडे खोटे बोलत नाही, आजोबा. ताई, तू सांग ना. तू तर स्टॅटिस्टिक्सवाली."

मग दोघं माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "दोघांचंही बरोबर आहे."

"ही बघा, आमची शांतिसेना आली," काका म्हणायचे. "अगं बाळ, माझं मत मला माहीत आहे. तुझं सांग."

मला मत नव्हतं असं नाही. माझ्या तिसऱ्या की चौथ्या रविवारी एक मॅच लागली होती, त्यातल्या हरणाऱ्या टीमचा क्वार्टरबॅक माझ्या लक्षात राहिला. त्याच्यापुढची भिंत फार कच्ची होती. तो सारखा खाली पडत होता. दर वेळी उठायचा, हेल्मेटच्या जाळीत अडकलेलं गवत काढायचा आणि पुन्हा जागेवर जायचा. मला वाटलं, याला दुसरी पाच माणसं मिळाली असती तर? पण हे मी कोणाला बोलले नाही. आमच्या घरी वडील बोलले की विषय संपतो. ते रागीट आहेत म्हणून नाही, तशी पद्धतच आहे. इथे युनिव्हर्सिटीतही सर सेमिनारमध्ये माझं मत विचारायचे आणि मी "आय अ‍ॅग्री" म्हणायचे. कोणाशी सहमत आहे हेसुद्धा कधी कधी मला नक्की माहीत नसायचं.

ऑक्टोबरात काकांना पक्षाघाताचा झटका आला. हॉस्पिटलातून ते घरी आले तेव्हा चालत होते, उजवा हात कमजोर होता, आणि बोलणं जवळजवळ गेलं होतं. समजत सगळं होतं. डोळे तसेच होते. पण वाक्य सुरू व्हायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाशी अडायचं. पुढचा शब्द त्यांना आत कुठेतरी दिसत असावा, कारण ते अस्वस्थ होऊन उजव्या बाजूला बघत राहायचे.

घर एकदम प्रेमळ झालं. हे मी कौतुकाने लिहिते आहे, कारण सगळेच मनापासून करत होते. काकू त्यांचं वाक्य अडलं की लगेच पूर्ण करायच्या. त्यांची मुलगी, म्हणजे नातीची आई, हॉलमध्ये कोट काढता काढता नातीला दटावून गेली, "आजोबांशी अजिबात वाद घालायचा नाही. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. कळलं? बीपी वाढतं त्यांचं."

त्या रविवारी नात दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसली होती. मॅच सुरू झाली. काकांनी डाव्या हाताने टीव्हीकडे बोट केलं. "तो... माझा... तो..."

"तुमचा तो जुना ना? हो, तोच सगळ्यात ग्रेट," काकू म्हणाल्या.

"हो आजोबा. तोच बेस्ट," नात म्हणाली.

"हो काका," मीही म्हणाले.

काकांनी आमच्या तिघींकडे एकेक करून पाहिलं. मग त्यांनी मान टीव्हीकडे वळवली आणि मॅच संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

पुढचे काही आठवडे असेच गेले. काकांचं चालणं सुधारलं, हातही थोडा उचलता येऊ लागला, बोलणं मात्र कमीच होत गेलं. आधी जे चार शब्द यायचे तेही येईनात. स्पीच थेरपिस्ट घरी यायची. तरुण मुलगी, माझ्याहून फार मोठी नसेल. एकदा ती आली तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि दार उघडं होतं. तिने काकूंना विचारलं की आजारपणाच्या आधी हे सगळ्यात जास्त कधी बोलायचे.

काकूंनी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "ही वॉज फायटिंग. अबाउट फुटबॉल. एव्हरी संडे."

"मग आता त्यांच्याशी कोण भांडतं?" थेरपिस्टने विचारलं.

"नोबडी!" काकू अभिमानाने म्हणाल्या. "वी ऑल टेक व्हेरी गुड केअर."

थेरपिस्ट हसली नाही. ती शांतपणे म्हणाली की ज्या शब्दासाठी माणूस धडपडतो तो परत यायची शक्यता जास्त असते, आणि हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. ते चुकत असतील तर चुकताय म्हणा. शब्द अडला तर तो देऊ नका, थांबा. त्यांचं बीपी आता औषधांनी ताब्यात आहे, तेवढ्या वादाने काही होत नाही, डॉक्टरांनाही विचारून घ्या.

ती गेल्यावर काकू ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "भांडा म्हणे! आजारी माणसाशी कोणी भांडतं का गं?" आणि मग जरा वेळाने, कपबशी पुसत, "लग्न झाल्यापासून यांचं वाक्य मीच संपवत आलेय. हे सुरुवात करायचे आणि ऑपरेशनच्या बोलावण्यावर निघून जायचे. आणि ऑपरेशन झालं की पेढे सर्जनला. भूल कोणी दिली, कोणाला नाव तरी माहीत असतं का?"

डॉक्टरांनी हरकत नाही असं सांगितलं. तरीही कोणी भांडलं नाही. काकूंना जमेना, नातीला आईची भीती. आणि मी? मी तर परकी. भाडेकरू. त्यात आमच्याकडे मोठ्यांना उलट बोलणं म्हणजे संस्कार नसणं. मी जिन्यात उभं राहून वाक्यं तयार करायचे आणि खाली येऊन "काका, पाणी देऊ का?" विचारायचे.

पुढच्या रविवारी मॅचच्या मधल्या सुट्टीत टीव्हीवरचे तज्ज्ञ नेमक्या त्याच विषयावर आले. एकजण म्हणाला, मोठेपण शेवटी जिंकलेल्या कपांवरच ठरतं.

"चूक," काका म्हणाले.

स्वच्छ शब्द. कुठेही न अडलेला. नातीने माझ्याकडे पाहिलं. काका खुर्चीत पुढे सरकले होते, तोंड उघडं होतं, अजून काही येणार होतं.

"हो, चूकच आहे त्याचं," काकू पटकन म्हणाल्या. "बसा तुम्ही नीट."

आणि ते बसले. पाठ टेकली. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना राग आला नव्हता. बोलायला कोणी उरलं नाही, असा तो चेहरा होता.

"काका," मी म्हणाले, "मला नाही वाटत तुमचा क्वार्टरबॅक सगळ्यात मोठा होता."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून वर जावंसं वाटलं. नातीचं भडंग खाणं थांबलं.

"तुमच्यावाल्याला टीम चांगली मिळाली," मी भरभर बोलायला लागले, थांबले असते तर परत बोलू शकले नसते. "पुढे पाच भक्कम माणसं. मग कोणीही शांत डोक्याने फेकेल. ज्याला कच्ची टीम मिळाली, जो सारखा पडतो आणि तरी उठून परत तिथेच उभा राहतो, तो मोठा. तुमचा त्याच्या जागी असता तर?"

त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी सांगत होती की तिचे आई-वडील दोघेही प्राध्यापक आहेत आणि तिचा निबंध ते आधी घरी वाचतात. चांगली मुलगी आहे ती. मी ऐकून घेतलं होतं आणि "लकी यू" म्हणाले होते. ते सगळं इथे बाहेर येत होतं, एका आजारी माणसासमोर.

काका माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात वर केला. थांब.

"मॅच... झाली की," ते म्हणाले, "माइक. त्याच्या... पुढे. तो काय... सांगायचा?"

म्हणजे मॅचनंतरची मुलाखत, त्यांच्या क्वार्टरबॅकची.

"पाच. ती पाच... माणसं. त्यांची... नावं. आधी. स्वतःचं... नंतर." श्वास घेतला. "कोणाला... माहीत नसतात. ती नावं. तो... घ्यायचा. म्हणून ते... उभे राहायचे. त्याच्यासाठी."

काकूंनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

"टीम," काका म्हणाले. "टीम... मिळत... नाही. टीम..."

आणि शब्द अडला. तो शब्द आम्हाला तिघींना माहीत होता. काकूंचे ओठ हलले, त्या बोलणारच होत्या, तेवढ्यात नातीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. टीव्हीवर मॅच परत सुरू झाली. कोणीतरी काहीतरी मोठं केलं असावं, कारण लोक ओरडले, पण आमच्यापैकी कोणी तिकडे पाहिलं नाही. काका उजवीकडे बघत होते. कपाळावर घाम आला होता. मला वाटत होतं की मी हे काय करून बसले, द्यावा का तो शब्द. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"बांधावी," काका म्हणाले. "बांधावी लागते."

मग नात उसळलीच. "नाही आजोबा! इट्स नॉट फेअर! मी पण सगळ्यांची नाव घेते, प्रत्येक मॅचनंतर! तरी आमचा टीम हरतो!"

काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तू... हरतेस," ते म्हणाले, "कारण तुझा... थ्रो... भिकार आहे."

"आजोबा!"

"अहो!" काकू ओरडल्या, आणि ओरडता ओरडता हसायला लागल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "पोरीला काय बोलता हो!" नात खोटा खोटा रुसवा आणून सांगत होती की आजोबांनी एकदा येऊन तिचा थ्रो बघावा, मग बोलावं. "तुम्ही येतच नाही कधी, नुसते खुर्चीत बसतो!"

"येईन," काका म्हणाले.

मग ते पुन्हा माझ्याकडे वळले. दमले होते, पण डोळ्यांत ती जुनी खोडी होती.

"पटलं?"

खरं सांगायचं तर पटलं होतं. बरंचसं. मला माझे वडील आठवले होते, ते मला एअरपोर्टवर सोडायला आले नव्हते, कारण त्या दिवशी दुसऱ्या कामगाराची पाळी त्यांनी घेतली होती, त्याने आधी त्यांची घेतली होती म्हणून. टीम मिळत नाही, बांधावी लागते, हे मला कळत होतं. हो म्हणून पाया पडावं असं वाटत होतं. पण हो म्हटलं असतं तर वाद तिथेच संपला असता, आणि मॅच अजून बरीच बाकी होती.

"नाही काका," मी म्हणाले. "नाही पटलं. नुसती नावं घेतल्याने कोणी मोठा होतो का?"

काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, खुर्चीत सावरून बसले, आणि म्हणाले, "हे... बघ..."